गोदूचा कबादा

६ जानेवारी १९५८, सोमवार

गोदूला दवाखान्यातून घरी आणलं. छातीतलं पाणी काढलं, ताप गेला. पण डावी बाजू आत बसली आहे. अंग पुसताना पाहिलं — उजव्या फासळ्या वर येतात, डाव्या जागच्या हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, दुखतं म्हणून ती बाजू आखडून धरते. येत्या सहा महिन्यांत छाती उघडली तर उघडली, नाहीतर पाठ वाकडी होईल आणि जन्मभराची धाप. कशी उघडायची? "हात वर करायला लावा. खोल श्वास घ्यायला लावा."

बारा वर्षांची पोर. हात वर केला की रडते.

दूध अर्धा शेर वाढवलं. साखर कमी करीन.

९ जानेवारी

हे करमाडला रस्त्याच्या कामावर, रविवारशिवाय येणं नाही. सांगायचं कुणाला? मामंजींना सांगितलं. त्यांचं स्वतःचंच हृदय आता साथ देत नाही, तरी उठून बसले. गोदूला जवळ घेतलं, पाठीवर पंजा टेकला. "घे श्वास. आणखी." मग म्हणाले, "सूनबाई, छातीचंच ना? तालमीत जन्म गेला माझा. दुसरं काय केलं मी?"

११ जानेवारी, शनिवार

मामंजी दोन दिवस जुन्या कसरतीच सांगत आहेत. एकेकाळी वस्ताद होते, पण इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. उताणं निजून छातीवर जात्याची तळी ठेवायची आणि श्वासानं ती वर उचलायची. दोन उंच विटांवर हात टेकून छाती मधल्या खड्ड्यात सोडायची. दगडी कडं गळ्यात घालून बैठका. "आताची पोरं दंड बघत्यात. दम कोण बघतंय?"

मग माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेलं काढायला लावलं. कबादा. लोखंडी धनुष्य, दोरीच्या जागी जाड साखळी, साखळीत चकत्या. डोक्यावर धरून एकदा या बाजूला ओढायचं, एकदा त्या. "छावणीतले रोहिले ओढायचे. त्यांच्याकडून आमच्या तालमीत आला. तुमची शाळेतली लेझीम म्हणजे याची नात." अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनमध्ये तालीम बंद पडली तेव्हा त्यांनी तो घरी आणून ठेवला. तालीम उघडली, पण कबादा कुणी मागितला नाही.

"हा गोदीला द्यायचा."

माझ्या हातातलं पोतं गळालं. मारुतीची वस्तू. दसऱ्याला त्याच्यापुढं पुजलेली. तालमीचा उंबरा आम्ही बायका ओलांडत नाही, आणि पोर वर्षा-दोन वर्षांत न्हाती होईल. तसं बोलले.

मामंजी म्हणाले, "मारुतीचा बाप कोण?"

"वायू."

"मग? वाऱ्याचं लेकरू एका पोरीच्या श्वासाला नाय म्हणंल व्हय?"

मला पटलं नाही.

१५ जानेवारी

मुबारकभाई लोहार आले. ते आणि मामंजी तालमीच्या एकाच हौद्यात कुस्त्या घुमलेले. पोलिस ॲक्शनपासून ते तालमीत जात नाहीत. कुणी येऊ नका म्हटलं नाही, कुणी या म्हटलं नाही.

कबाद्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "आप्पा, जंग चढवला की तुमी याला!"

"मला चढला, त्याचं काय घेऊन बसलास?"

दोघं हसले. मामंजींना खोकला आला तशी मुबारकभाईंनीच पाठ चोळली. जाड साखळी काढून हलकी बसवून देतो म्हणाले. जाताना मला, "भाभी, बच्ची का सीना है. आस्तं आस्तं. घाई नको."

२६ जानेवारी, रविवार

गोदूनं कबादा धरला. अर्धाही उघडला नाही. रडली. मामंजी म्हणाले, "रड, पण सोडू नको." यांनी पाहिलं. उठून रस्त्याकडचं दार लावलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीला तेल घातलं. रुईची माळ घातली. राहवेना, पुजाऱ्यांना प्रायश्चित्त विचारलं. काय घडलं ते सगळं सांगितलं. खांबाला टेकून तालमीचे चिटणीस नानासाहेब बसले होते, ते मला नंतर दिसले.

देवाशी बोलायचं ते मी देवळात बोलले.

१० फेब्रुवारी

नानासाहेब आले. "आप्पा, वस्तू तालमीची. पोरीबाळींच्या हातात शोभती का?"

"इतकी वर्षं आठवण नाय आली तुम्हांला?"

"आता आली."

मामंजी म्हणाले, "मी हाय तवर तो इथंच राहील."

"बरं. तुम्ही हाय तवर."

मामंजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी

आज डावी फासळी हलली. मी हात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. थोडीच, पण हलली. मामंजींचा पंजा तिच्या पाठीवर होता. डोळे मिटून म्हणाले, "आला. वारा आला."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. चांगलं चाललंय, पण पावसाळ्यापर्यंत एक दिवस चुकवू नका म्हणाले. सोडलं तर छाती परत बसेल.

२ मार्च

मामंजी पहाटे गेले. झोपेतच.

५ मार्च

घर माणसांनी भरलं आहे. गोदू मागच्या खोलीत जाऊन कबादा ओढते. सुतकात चालतं का, मला ठाऊक नाही. विचारलं नाही कुणाला.

१५ मार्च, शनिवार

काल तेरावं झालं. नानासाहेब दोन माणसं घेऊन दारात. "वहिनी, आप्पांचा शब्द होता. न्यायला आलोय."

माझ्या पाठीशी देव्हारा. मी म्हटलं, "तो घरात नाही. मामंजींनी कुणाला दिला, मला माहीत नाही."

तेवढ्यात मागच्या खोलीत साखळी वाजली. कोण आलंय हे गोदूला कळलं नव्हतं. थांबली, पुन्हा वाजली. नानासाहेब माझ्याकडं पाहत राहिले. मी नजर हलवली नाही. त्यांनी टोपी नीट केली, माणसांना चला म्हणाले.

संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले. क्षमा मागितली नाही.