तंग हातमोजा

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक, म्हणजे माझं डोकं सोडून. आम्हा दोघांना एकाच सिनेमाचं काम लागल्याचं कळवलंच होतं. सिनेमा जुन्या काळचा. मी कपडेपटात शिवणाला, आणि आमचे हे घोडागाडीचे लगाम-पट्टे जुन्या पद्धतीने शिवायला. गोष्ट ऐकलीस तर हसशील. बड्या घरची मुलगी, गाडीवानावर तिचा जीव, बापाचा नकार. मी म्हटलं, आमच्याच घरातून उचललं की काय. फक्त त्यातली मुलगी घर सोडत नाही, झुरून मरते. मी चामडेकामाच्या दुकानमालकाची लेक, दुकानातल्याच कारागिराबरोबर निघून गेले, आणि अकरा वर्षं चांगली धडधाकट आहे.

आता खरं दुखणं. नायकाचे हात लोण्यासारखे मऊ निघाले, गाडीवानाचे म्हणून खपेनात. तेवढ्यात दिग्दर्शकांची नजर ह्यांच्या हातांवर गेली. तेव्हापासून चेहरा नायकाचा आणि हात आमच्या ह्यांचे. पुढच्या आठवड्यात नायिकेचा हातमोजा एकेक बोट सोडवत काढायचा आणि मग तिचा हात धरून ठेवायचा. तो चामड्याचा मोजा शिवायला माझ्याकडेच आलाय. अकरा वर्षं हाताला तेल लावा म्हणून कानीकपाळी ओरडले, ऐकलं नाही. दिग्दर्शकांनी हात आहेत तसेच ठेवा म्हणून बजावलंय, तरी आता न सांगता तेल लावतात आणि वर शीळ घालतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

हसू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी


१६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हसू नकोस लिहिलंस म्हणून जास्तच हसले. अगं, पोटासाठी कुणी विटा उचलतं, कुणी नटीचा हात. तुझ्या नवऱ्याच्या हातांना आता कुठे कुणी चांगलं म्हटलं, तर तुला ते सोसवेना. माझ्याकडे बघ. तुझे भावोजी जेवतानाही पेपर वाचतात. त्यांचे हात कसे आहेत विचारलंस तर मला आठवून सांगावं लागेल.

बाबांचे गुडघे दुखतात, पण दुकान सुटत नाही. तुझं नाव ते अजून काढत नाहीत. तू मात्र उगाच काही उपद्व्याप करू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उपद्व्याप केला. मोज्याची शिवण बोटांच्या सांध्यापाशी दोन धागे आत घेतली. मोजा निघाला नाही की तो प्रसंगच गाळतील, असं माझं गणित. झालं उलटंच. निघेना म्हणून पुन्हा घे, पुन्हा घे. सकाळी नऊ ते दुपारी चार, एकोणीस वेळा. सात तास ह्यांच्या हातात तिचा हात, आणि मी दिव्यांच्या मागे सुई घेऊन उभी. आपणच खड्डा खणला आणि आपणच पडले. शेवटी एकदाचा निघाला. दिग्दर्शक खूश, म्हणाले की ह्या धडपडीत खरी तळमळ दिसली.

कपडेपटाच्या बाई मोजा कुणी शिवला विचारत आल्या, तेव्हा हे पटकन म्हणाले की दिव्यांच्या उष्णतेने चामडं आटलं. माझं काम वाचलं. घरी येताना मात्र मला म्हणाले की एवढा बारीक टाका तिथे एकटीच बाई घालते. चिडले असते तर बरं, पण ते हसत होते. मला रडू आलं. मग म्हणाले की सात तास ती नटी आपल्या दाढदुखीचं सांगत होती.

बोलता बोलता घर सोडल्याचा जुना विषय निघाला. तेव्हा येत्या रविवारी आम्ही दोघं स्वतःच बाबांसमोर उभे राहून सगळं सांगणार होतो. बाबा चिडले असते, पण ऐकून घेतलं असतं, असं ह्यांना अजून वाटतं. दुकानातल्या फोरमनकाकांनी आधीच चुगली केली आणि दार बंद झालं. काका वारले तेव्हा मी मुद्दाम गेले नाही. ताई, सिनेमा लागला की बाबांना घेऊन जा. ते हात त्यांनी एकदा बघावेत. मला घरी यायचंय गं.

एवढं कर, लोभाचं वेगळं काय मागू.

तुझी,
धाकटी


२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल बाबांना नेलं. हात कुणाचे ते सांगितलं नव्हतं. मोजा काढायला सुरुवात झाली तसे बाबा पुढे सरकून बसले. म्हणाले की हा आपल्याच दुकानात शिकलाय, अंगठा असा वळवायला मीच शिकवला. बाहेर पायरीवर मला म्हणाले की रविवारी दोघांना जेवायला बोलाव. आणि वर विचारलं की थोरले, तेव्हा तू मला येऊन सांगितलं नसतंस, तर ती दोघं आपणहून आली असती का.

धाकटे, फोरमनकाकांनी नाही, मी सांगितलं. तुझ्या काळजीपोटी, असं बाबांना म्हटलं होतं. ते खोटं. चपलेचा पट्टा तुटला, पिशवीचा बंद उसवला, असं काहीतरी काढून मीही दुकानात उतरायचे. बंद घरून मीच उसवून न्यायचे. तुझे हे टाका घालून द्यायचे, मान वर करायचे नाहीत. तू आलीस की त्यांची सुई थांबायची. मला ते बघवलं नाही.

बाबांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. जमलं तर मला टाकू नकोस.

ताई


२६ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

रविवारी येतो, बाबांना सांग. फोरमनकाकांच्या मुलीला आज पत्र टाकलं, काय लिहावं ते नीट सुचलं नाही.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही, दाखवणारही नाही. खरं सांगू, अकरा वर्षं गेली ह्याचा राग यायच्या आधी माझ्या मनात आलं की तुझ्या पिशवीचा बंद शिवायला हे किती वेळ लावायचे. ह्यांना विचारायला तोंड उघडलं होतं, तशीच जीभ चावली. म्हणजे तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

रविवारी तू तिथे येऊ नकोस. बाबांना काहीही कारण सांग. शेवटी नेहमी लोभाचं लिहिते. तुझा आहे हे मला ठाऊक आहे. माझा मात्र थोडा थांबेल.

धाकटी