दोन आकडे जुळले नाहीत तेव्हा

प्रिय अहो,

आज दुपारी तुमचा मित्र वॉल्टर आला आणि बेसमेंटमधली तुमची काडतुसं भरायची प्रेस घेऊन गेला. टेबलावर आता बोल्टची भोकं तेवढी राहिलीत. ती बघून वर आले आणि लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून या घरात मराठी बोलायला माणूसच नाही हो. सुजाताला काही सांगायला गेलं की "आय नो, आई" म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते.

ती प्रेस पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी केवढी भांडले होते, आठवतं? वर बुद्धाची मूर्ती, रोज संध्याकाळी 'पाणातिपाता वेरमणी', जीवहत्या करणार नाही, असं म्हणायचं, आणि खाली बारूद! तुम्ही हसलात. "अगं, कागदालाच तर भोकं पाडतो. कागदात कुठे जीव आहे?"

खरी गोष्ट तुम्ही फार उशिरा सांगितलीत. नागपूरला कॉलेजात एनसीसीत तुमचा नेम सगळ्यांत चांगला होता, आणि टीमची नावं लागली तेव्हा तुमचं आडनाव तेवढं त्यात नव्हतं. इतकी वर्षं हे एकट्यानं कसं ठेवलंत मनात? इथे अमेरिकेत, नोव्हायला आल्यावर कारखान्यातला वॉल्टर तुम्हाला त्याच्या शूटिंग क्लबात घेऊन गेला. परत आलात ते वेगळाच चेहरा घेऊन. "वंदना, तिथे फक्त कागद बघतात," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी कधी भांडले नाही.

मग तो रविवार. तुम्ही क्लबातून आलात ते पांढरेफटक पडून. वापरलेली काडतुसं तुम्ही घरीच परत भरायचात. हँडल ओढलं की आत बारूद पडायची, वर गोळी बसायची. त्यातल्या एकात बारूद पडलीच नव्हती. गोळी बंदुकीच्या नळीत अडकली. तुम्ही पुढची झाडणार, तेवढ्यात वॉल्टर ओरडला म्हणून वाचलात, नाहीतर नळी हातातच फुटली असती.

"बंद करा आता हे," मी म्हटलं.

"बंद नको. तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना? कर काहीतरी."

किती वर्षांनी मला कोणी इलेक्ट्रॉनिक्सवाली म्हटलं होतं! माझ्या डिप्लोम्याला इथे कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ड्रगस्टोअरमधून दोन स्वस्त कॅल्क्युलेटर आणले, उघडले आणि 'बरोबर'च्या बटणाच्या तारा बाहेर काढल्या; एक अधिक एक करून ते बटण दाबत राहिलं की आकडा एकेकानं वाढतो. एक स्विच हँडलपाशी, एक बारूद पडते तिथे. हँडल ओढलं की पहिल्यात एक वाढणार, बारूद पडली की दुसऱ्यात. दोन्ही आकडे सारखे, तर त्या डब्यातली सगळी काडतुसं चांगली. किचनच्या टेबलावर सोल्डरिंगचा वास सुटला होता आणि मी चक्क गुणगुणत होते. वॉल्टरनं बघितलं आणि म्हणाला, "यू मेड धिस?" तुम्ही छाती पुढे काढून "माय वाइफ" म्हणालात. तो चेहरा माझ्याकडे अजून आहे.

हिवाळ्यात आकडे जुळेनासे झाले.

"तुझा काउंटर बिघडलाय," तुम्ही म्हणालात. मी स्विच बदलला, तारा बदलल्या. तरी बारुदीचा आकडा मागेच. मग भरलेली काडतुसं तुम्ही एकेक करून उघडलीत, आणि खरंच काही रिकामी निघाली. मी म्हटलं, "पुन्हा ओढा, मी बघते." तुमचा अंगठा हँडल धरतच नव्हता. हँडल पुरतं खाली येण्याआधीच हात सुटत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले काही महिने."

वॉल्टरला माहीत होतं! तुमच्या हातून रेंच पडताना त्यानं पाहिलं होतं. मला का नाही सांगितलंत? मी घाबरेन म्हणून? मी तर तेव्हाच घाबरले, तुमचा हात हातात घेतल्यावर. अंगठ्याखालचं मांस खोल गेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, स्नायू हळूहळू साथ सोडतील, औषध नाही. गाडीत तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझा काउंटर बरोबर होता." मला त्या क्षणी त्या वस्तूचा इतका राग आला!

पण त्याच्याच स्विचची मी तुम्हाला बेल करून दिली. आधी बोटाखाली, बोटं गेल्यावर गालापाशी. मी किचनमध्ये असले तरी वाजली की धावत यायचे. कधी पाणी हवं असायचं, कधी उशी सरकवायची असायची. कधी काहीच नको असायचं, नुसतं बघत राहायचात. घरी व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणायची, अशी हलकी बेल विकतही मिळत नाही.

शेवटचे काही दिवस ती वाजलीच नाही. तुमचा गाल हलत होता, मी स्वतः पाहिलं होतं. मग का नाही वाजवलीत? मला जरा आडवं होता यावं म्हणून? कुणी सांगितलं होतं असला विचार करायला! त्या सकाळी मी चहा टाकत होते. बेल नाही, म्हणजे तुम्ही झोपलात असं समजले. कप घेऊन आले तर तुम्ही गेला होतात.

वॉल्टर गेल्यावर फोन वाजला. त्याच व्यायामवाल्या बाईनं कुणाला तरी माझा नंबर दिला होता. ॲन आर्बर शहराजवळची कुणी बाई. तिच्या नवऱ्याला तुमचाच आजार. म्हणाली, "ही कॅन ओन्ली मूव्ह हिज आयब्रो." मी विचारलं, डावी की उजवी?

शनिवारी जाते मी तिच्याकडे. भुवईवर चालेल अशी बेल करून देते. जमेल, मनात आकृती तयार आहे. सुजाता पत्ता शोधून गाडीत बरोबर बसणार आहे, स्वतःहून म्हणाली. आणि मी तुम्हाला वचन देते, बेल लावून झाली की त्या बाईला सांगेन: वाजली नाही तरी मधूनमधून जाऊन बघत जा.

तुमची,
वंदना