चौथ्या प्रकरणातला पीळ

१२ फेब्रु. २००७, सोम. डिंगोरे
सुजाताच्या भौतिकशास्त्राच्या पीएच.डी. प्रबंधात चूक आहे, चौथ्या प्रकरणात. शनिवारी तिला स्वतःलाच सापडली. आज तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोनवर दुजोरा दिला. परीक्षकांनी प्रबंध वाचून मान्य केलाय, त्यांच्या नजरेतून सुटली. तोंडी परीक्षा पुढच्या मंगळवारी. बाई म्हणाल्या, "सांगायचं का, तू ठरव." सांगितलं तर प्रबंध परत येऊ शकतो.
पोर जेवली नाही.

१३, मंगळ.
पेठच्या बिबट्याची बातमी पेपरला फॅक्स केली. मग सुजाताला म्हटलं, पेपरच्या वाचकाला सांगावं तसं मला सांग. बांधावर घेऊन गेली.
"पप्पा, प्रत्येक शेताची उत्तर दिशा वेगळी धरा. या शेतातली दिशा शेजारच्या शेतात कशी न्यायची, त्या नियमाला जोडणी म्हणायचं. गुरुत्वाकर्षण त्या नियमात असतं."
मग चालून दाखवलं. आधी पूर्वेला, मग उत्तरेला. परत येऊन आधी उत्तरेला, मग पूर्वेला. दोन्ही वाटा एकाच जागी मिळायला हव्यात. नाही मिळाल्या, तर राहिलेली फट म्हणजे पीळ. रिकाम्या जागेत पीळ शून्य. पण इलेक्ट्रॉनसारखा, अंगचीच फिरकी असलेला पदार्थ आला की त्याच्या आत तो येतो.
"किती येतो, ते समीकरणातून निघायला हवं. मी आधीच शून्य धरून पुढे गेले."
"असा केवढा असतो?"
"मोजता येणार नाही इतका लहान."
मग तीच म्हणाली, "लहान आहे म्हणून शून्य होत नाही."

१५, गुरु.
फाट्यावर फ्लेक्स. 'डॉ. सुजाता हिचे हार्दिक अभिनंदन.' काम तिच्या मामाचं, बाळूचं. त्याचा फोटो तिच्याहून मोठा. सत्कार रविवारी.
"मामा, परीक्षा व्हायचीय अजून!"
"व्हईल की! मांडववाला पुढं लग्नांत अडकलाय. रविवारच मोकळा व्हता."

१६, शुक्र.
बाळूला चूक सांगितली. "एवढुशी हाय ना? मग ऱ्हाऊ द्या झाकून, दाजी. कुनाचं काय अडलंय?"
कुसुम सख्ख्या भावावर खेकसली. मी नाही. छापून गेलेल्या चुकांची दुरुस्ती मी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लावत आलोय. झोप नाही.

१८, रवि.
विहारापुढे मांडव. शाल, नारळ, भाषणं. सुजाता माइकपाशी गेली: "मी अजून डॉक्टर नाही. प्रबंधात माझी एक चूक आहे. परवा परीक्षकांना सांगणार आहे."
मग मागून कुणीतरी, "चूक हाय तर शाल कशापायी, राव?" हशा.
तिनं शाल घडी करून मामाच्या हातात दिली. "मंगळवारनंतर द्या." बाळूचं तोंड बघवेना.

१९, सोम.
सुजातानं गणित नव्यानं केलंय. पीळ मोकळा सोडला की एक जादा पद येतं, फिरकीचा फिरकीवर परिणाम. बाईंचा फोन: पद बरोबर. पण प्रकरणाचा शेवटचा निष्कर्ष टिकतो की नाही, आत्ता सांगता येत नाही.
बाळूनं फ्लेक्सवरच्या 'डॉ.'वर आमच्याच पेपरचं पान खळीनं चिकटवलंय. फ्लेक्स उतरवायला तयार नाही.
उद्या पहिल्या एसटीनं सुजाता नि मी पुण्याला. अकराला परीक्षा. दुरुस्तीचं पान ती सगळ्यांत आधी पुढे ठेवणार. मग परीक्षक काय ते ठरवतील.
बाळू आत्ताच येऊन गेला. "निकाल लागला की फोन कर गं. मी फाट्यावरच हाय, पान्याची बादली घिऊन."