तांदळाच्या डब्यातलं बाळ

बुकारामांगा,
सोमवार, ३ जून

प्रिय पापा,

आशीर्वाद मागते. द्यायचा की नाही ते पत्र वाचून झाल्यावर ठरवा, पण मध्येच घडी घालून ठेवू नका. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अर्धी तार वाचून बाजूला ठेवली असं एकदाही झालं नाही, हे तुम्हीच सांगत आला आहात.

मी बरी आहे. दिवसभर खुर्चीत बसून वजन वाढलंय, चष्म्याचा नंबरही. तुमचा गुडघा सुधारल्याचं नुबियाआत्याकडून कळलं. काठी आता फक्त शेजारच्या कुत्र्याला धाक दाखवायला लागते म्हणे. पत्र आर्नुल्फोच्या बसबरोबर पाठवतेय. काल थांब्यावर त्याला सांगून ठेवलं की तुमच्या हातातच द्यायचं. तो म्हणाला, "दोन वर्षांनी बापाला पत्र? लग्नबिग्न ठरलं की काय?" मी म्हटलं, "नाही, गुन्हा कबूल करायचाय." तेव्हापासून त्याच्या पोटात काही राहत नसेल. तुम्हाला खोदून खोदून विचारील. सांगू नका.

गुन्ह्याकडे यायच्या आधी थोडी बडबड करते. एकदम मुद्द्यावर यायला मी काही तुमच्यासारखी तारेतली माणूस नाही.

आमच्या ऑफिसात विल्मेर नावाचा मुलगा माझ्या शेजारी बसतो. हुशार आहे. त्यानं राउटरवर मरियामातेचं चित्र चिकटवलंय आणि सकाळी आल्याबरोबर तो आधी तिला हात लावतो, मग संगणकाला. पहिल्या दिवशी मी फार हसले. तो म्हणाला, "यामिले, इंटरनेट बंद पडलं की तू काय करतेस?" मी म्हटलं, "बंद करून परत चालू करते." "त्यानं का सुरू होतं, माहीत आहे?" मला निम्म्या वेळा माहीत नसतं, पापा. खरंच नसतं. लोकांना वाटतं आम्हाला सगळं ठाऊक आहे. आम्ही नुसते गंभीर चेहऱ्यानं बटणं दाबतो, आणि सुरू झालं की "हं" म्हणतो.

आणि ते "मला सर्व अटी मान्य आहेत" असं लिहिलेलं चौकोनी खोकं असतं ना? जगात कुणीही त्या अटी वाचत नाही. मी स्वतः लिहिते तेव्हासुद्धा वाचत नाही. तुम्ही रविवारी देवळात मिस्सेला "मी मानतो, मी मानतो" म्हणत उभे असता, त्यातली प्रत्येक ओळ तुम्ही तरी तपासून पाहिली आहे का? चिडू नका. तुम्हाला टोमणा मारत नाहीये. दोन्हीकडची माणसं सारखीच भाबडी आहेत एवढंच म्हणतेय, आणि हल्ली मला ते पूर्वीइतकं वाईट वाटत नाही.

आता गुन्हा.

आपल्या गावच्या देवळाची वेबसाइट फादर लिबार्दोंच्या पुतण्यानं केली असं तुम्हाला सांगितलंय. ती मी केली. नोव्हेंबरात फादरांचा फोन आला. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना आता देवळाचा चढ झेपत नाही. हरवलेलं शोधून दे म्हणून घरबसल्या सान आंतोनियोकडे मागणं मागता येईल असं काहीतरी करून दे. पैसे नाहीत, पण पेरूच्या वड्यांचे दोन डबे पाठवतो." मी हो म्हटलं, पण अट घातली की तुम्हाला कळता कामा नये. त्यांनी अट पाळली. वड्या मात्र एकच डबा आल्या.

वेबसाइटवर एक कोरी चौकट आहे. तिच्यात मागणं लिहायचं, बटण दाबायचं, की हिरवी खूण येते: "तुमची विनंती सान आंतोनियोच्या चरणी पोचली." खरं तर ती देवळाच्या ईमेलवर जायची, तिथे देवळाचं ऑफिस सांभाळणाऱ्या ओफिरबाई ती छापून काढणार आणि मंगळवारी संताच्या पायाशी टोपलीत ठेवणार, असं ठरलं होतं. आम्ही असं काही बनवतो तेव्हा तपासून बघायला आधी स्वतःचा पत्ता घालतो आणि काम संपलं की गिऱ्हाइकाचा. मी तो बदलायला विसरले.

सात महिने, पापा. सात महिने अख्ख्या गावाची गाऱ्हाणी माझ्याकडे येत होती, विजेच्या बिलाच्या आणि चपलांच्या सेलच्या मधोमध. टोपली रिकामी. ओफिरबाईंना वाटलं, लोकांना वेबसाइट जमत नाही. लोकांना वाटलं, संतानं ऐकलं.

पहिलं मागणं आलं तेव्हाच मी चूक दुरुस्त करायला हवी होती. पाच मिनिटांचं काम. आधी लाज वाटली, मग, खरं सांगू? सोडवेना. गावात कोण काय हरवून बसलंय ते मला इथे बसून कळत होतं. रोसेंदोचं खेचर. शाळेतल्या बाईंची कवळी. कुणाची तरी "झोप". कुणाचा तरी नवरा, आणि त्यापुढे कंसात: "घाई नाही."

मग मी उत्तरंही द्यायला लागले. कुस्तोदियाबाईंनी लिहिलं होतं की नवीन मोबाइल घेतल्यावर मेलेल्या भावाचे सगळे फोटो गेले. ते गेलेले नसतात, नुसते दुसरीकडे असतात. कुठे बघायचं ते मी पायरीपायरीनं लिहून पाठवलं. पण पाठवणाऱ्याच्या जागी देवळाचं नाव दिसत होतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. सान आंतोनियो ईमेलला उत्तर देतो अशी आवई गावात उठली ना? ती ही. नुबियाआत्या सांगत होती, कुस्तोदियाबाई म्हणतात, "संताची भाषा किती साधी! वर जा, उजवीकडचे तीन ठिपके दाब."

एका मागण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका आईनं लिहिलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी घरातून नेलेला मुलगा. जिवंत मागत नाही, कुठे आहे तेवढं सांग. तिच्या पुढ्यातही माझी ती हिरवी खूण आली असणार. पोचली म्हणून. दोन दिवस मला कामात काही सुचलं नाही. मग मी ते मागणं छापलं, इथल्या मोठ्या देवळात गेले, सान आंतोनियोच्या पायाशी ठेवलं आणि मेणबत्ती लावली. आई गेल्यावरच्या नवव्या दिवसानंतर मी देवळात पाय टाकला तो तेव्हा. माझा विश्वास बसला असं समजू नका. पण तुम्ही आम्हाला तारखात्याचा एकच नियम शिकवला होता: वाचायचं, पोचवायचं, विसरायचं. मी नुसतंच वाचत बसले होते.

मग एकवीस मेला, मंगळवारी, दुपारी जेवून परत आले तर हे आलेलं होतं:

"सान आंतोनियो. धुण्याच्या टाकीत मोबाइल पडला. त्यात एर्मिंदाचा आवाज होता. मोबाइल तांदळात ठेवला. तुझं बाळही तांदळात ठेवलंय. काम होईपर्यंत दोघं तिथेच. आवाज मुलीकडे असेल. मागायचा तर नवव्या दिवसाचे शब्द आधी परत घ्यावे लागतील. कसे घ्यायचे जमत नाही. शोधून दे. एक विधुर."

नाव नव्हतं, कुणाचा मोबाइल मागून लिहिलंत तेही नव्हतं. नसू दे. एवढ्या कमी शब्दांत एवढं मागणारा माणूस सगळ्या डोंगरात दुसरा नाही. आणि आईचं नाव नसतं तरी डब्यावरून ओळखलं असतं. कात्री हरवली की आई आपल्या खिडकीतल्या संताच्या हातातलं येशूबाळ काढून तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि त्याला बजावायची, "कात्री दे, मग मूल घेऊन जा." संध्याकाळपर्यंत कात्री सापडायची. तुम्ही म्हणायचात, "बाई गं, संताला ओलीस ठेवतेस!" आता तुम्हीच ठेवलंत.

मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग मोबाइल आणि बाळ एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलेत हे डोळ्यांसमोर आलं आणि हसायला लागले. विल्मेर पाणी घेऊन आला. म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. वडील सापडले."

पापा, तुमचं खाजगी पत्र मी उघडून वाचलं. पुढे काही बोलायच्या आधी त्याची माफी मागते.

आता नववा दिवस. आपण दोघंही तो टाळत आलो. नऊ संध्याकाळी आईसाठी जपमाळ झाली, शेवटची माझ्यावर होती, आणि मी मोबाइल मध्ये ठेवून रेकॉर्ड केलेली लावली. सगळ्यांना सांगितलं की मावश्यांचे घसे बसलेत म्हणून. फुकटचं ॲप, जाहिरातींसकट. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" म्हणून झालं आणि कुणीतरी ओरडलं, "मग वाट कसली बघताय? आजच टायर बदला!" मेर्सेदेसमावशीनं त्यालाही "आमेन" म्हटलं. आज ते आठवलं की हसू आवरत नाही, पण तुम्ही उठलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "आईसाठी तुझ्याकडे स्वतःचा घसासुद्धा नाही. असली यंत्रं घेऊन या दारात परत येऊ नकोस." मीही गप्प बसले नाही. संताकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यापेक्षा माझा राउटर बरा, निदान दिवा तरी लागतो." आणि बॅग उचलली.

ते मी परत घेते. तुमचे शब्द परत कसे घ्यायचे याची चिंता तुम्ही करू नका, कारण ते खरे होते. घसा नव्हताच माझ्याकडे. त्याचं कारण आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आईचा आवाज माझ्याकडे आहे. एकशे अडतीस निरोप, सगळे जपून ठेवलेत, तीन ठिकाणी. बहुतेकांची सुरुवात एकच: "यामी, हे चालू आहे का? एवेलियो, लाल दिसतंय, लाल म्हणजे काय?" आणि मागून तुम्ही ओरडताय, "बोल! लाल म्हणजे बोल!" एकात तर नुसत्या कोंबड्याच आहेत, दीड मिनिट.

शेवटचा मी ऐकलेला नाही. त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आला. मी मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर तिचं नाव बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला, नंतर ऐकू म्हणून. चार वाजता नुबियाआत्याचा फोन आला. दोन मिनिटं सहा सेकंदांचा आहे तो निरोप. त्याच्याशेजारचा, न ऐकल्याची खूण असलेला निळा ठिपका दोन वर्षं तसाच आहे. त्या नऊही संध्याकाळी तो माझ्या खिशात होता, पापा, आणि "नमो मरिया" म्हणायला तोंड उघडलं की तो आठवायचा आणि आवाज फुटायचा नाही. म्हणून यंत्र लावलं. तुम्हाला ते तेव्हाच सांगायला हवं होतं. टायरवाल्यानं घोळ केला.

कदाचित त्यातही कोंबड्याच असतील. तेवढंही एकटीनं ऐकायची हिंमत होत नाही. तुम्ही शेजारी बसलात तर होईल.

तर माझं असं ठरलंय. वेबसाइटवरचा पत्ता बदलला. फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तीन ठिपके तूच?" एकसष्ट मागणी छापून ठेवली आहेत. तेरा तारखेला सान आंतोनियोच्या सणाला ती मी स्वतःच्या हातानं टोपलीत ठेवणार आहे, उशिरा का होईना. साठच ठेवीन खरं तर. एकसष्टावं तुमचं आहे, ते मी पोचवायला येतेय.

बारा तारखेला, बुधवारी, आर्नुल्फोच्या दुपारच्या बसनं. बस वळणावर थांबते तिथून आपली खिडकी दिसते आणि खिडकीत सान आंतोनियो. त्याच्या हातात बाळ असलं तर मी सरळ घरी येईन. हात रिकामे दिसले तर नुबियाआत्याकडे उतरेन, आवाज तिच्याकडे ठेवून जाईन, आणि तुमच्यावर रागावणार नाही. पण बाळ दिसलं तर त्या संध्याकाळी जपमाळ मी म्हणेन, माझ्या घशानं. मध्ये थांबले तर तुम्ही मागून ओरडा, "बोल! लाल म्हणजे बोल!"

एक धंद्यातली गोष्ट सांगून ठेवते. तांदळानं मोबाइल सुकत नाही. आम्हा सगळ्यांना हे माहीत असतं, आणि गेल्या वर्षी माझा गरम चॉकलेटच्या कपात पडला तेव्हा मीही धावत जाऊन दोन किलो तांदूळ आणले. तेव्हा मोबाइल काढा, बाळाला काढा, त्याचं अंग पुसून जागेवर बसवा. तांदूळ मात्र टाकू नका.

बुधवारी दोघांचा भात टाका.

तुमची,
यामी