दादाला अहो-जाहो

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोमवारी तू आमच्या प्रयोगशाळेत नवा मायक्रोस्कोप बसवायला आलास आणि मी तुला चक्क अहो-जाहो केलं. तेव्हापासून घास उतरत नाहीये. आमच्या प्रमुख बाईंनी तुला हत्यारं घेऊन बाहेर थांबायला सांगितलं, बोलावल्यावर आत या म्हणाल्या. तू मान हलवून पॅसेजमध्ये उभा राहिलास. हा माझा सख्खा भाऊ, याच विषयात डॉक्टरेट केलेला, एवढं बोलायला माझी जीभ रेटली नाही. उलट तू मला मॅडम म्हणालास तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तेच जास्त खातंय. रागाव, पण उत्तर पाठव.

तोंड लपवून बसलेली,
छोटी

१९ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

कुणावर रागावू? तुमच्याकडचं काम आलं तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून मीच ऑफिसात गयावया केली होती. कुणी मोकळं नव्हतं. तात्पुरत्या नेमणुकांना कंटाळून मी संशोधन सोडलं, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. पण तुझ्या नेमणुकीची मुदत वाढायची आहे. अशा वेळी हा असला भाऊ बाईंच्या नजरेला पडायला नको, असं मनात आलं. म्हणून मॅडम. बाकी मॅडम म्हणून तू काही शोभत नाहीस. एप्रनचं बटण तुटलंय, ते आधी लाव. पुढच्या महिन्यात मशीन तपासायला येईन. तेव्हाही अनोळखीच राहू, माझी हरकत नाही.

माया आहे तिथेच आहे, तिची काळजी नको.
दादा

२३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल बाईंसमोर दादा म्हणून हाक मारली, तुझी डॉक्टरेटही सांगितली, तेव्हा तुझे कान लाल झाले होते. तू गेल्यावर बाईंनी मला बसवून घेतलं. तुला बाहेर उभं केलं याचं त्यांना फार वाईट वाटलं. संशोधन का सोडलं, विचारत होत्या. मी सांगितलं. मग त्यांच्याकडूनच कळलं की माझ्या नेमणुकीचीही मुदत वाढलेली नाही, कितीतरी दिवस त्यांना हे सांगवत नव्हतं.

मला रडू नाही आलं. आधी तुझी कंपनी आठवली. ज्या कामाची मला लाज वाटली, त्याच कामात माझ्यासाठी जागा आहे का, हे कोणत्या तोंडाने विचारू? तरी विचारते. असेल तर लगेच कळव. नसेल तर जरा उशिराने कळव.

माया असू दे,
छोटी