उत्तरं घरी ठेवून ये

चि. भाऊराया,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? माझा बरा आहे, त्याला कामच नाही. पत्र सूनबाई लिहिते आहे. मी बोलते तस्संच लिही म्हटलंय. मला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन मला शहाणी करू नकोस. (हेही लिही.)

तर आमच्या ठकूला मोठेपणी घरांचे नकाशे काढायचेत, आणि सोमवारी ती शाळेत सांगणार आहे की गणित सोडते. गणित सुटलं की नकाशेही सुटले, हे तिलाही कळतं. पण पुस्तक उघडलं की पोरीचे हात गार पडतात. तुझ्या भाच्याने यावर उपाय म्हणून घरभर पाढे चिकटवले, न्हाणीघरातल्या आरशावरसुद्धा. पोरगी तिथे जायचं टाळू लागली, आणि हा स्वतः सत्तावीसचा पाढा वाचता वाचता दाढी करताना हनुवटी कापून बसला. मग शिकवणीचे मास्तर आणले. ते समोर घड्याळ लावून बसतात. जो पटकन सांगेल तो हुशार, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे ठकू प्रश्न संपायच्या आतच उत्तर देऊ लागली, ते अर्थातच दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं. मास्तरांनी निकाल दिला, हिचं डोकं गणिताचं नाही. (गणिताचं डोकं वेगळं येतं का रे? तू जन्मभर मुलांना गणित शिकवलंस, तुला दिसलं असेल.) त्यावर सूनबाईने पोरीला कुशीत घेऊन समजावलं, अगं, आपल्याकडे बायकांना गणित येतच नाही, मला तरी कुठे येतं! झालं. पोरीला वाटलं, नाकासारखं हेही आईकडून आलं. (सूनबाई, गाळू नकोस. नाक छानच आहे तुझं.)

काल मी मास्तरांना म्हटलं, या पुस्तकातलं शेवटचं गणित करून दाखवा, तेवढीच माझी करमणूक. त्यांनी बघितलं, घाम पुसला, आणि हे उद्या घेऊ म्हणाले. घड्याळ बिचारं एकटंच टिकटिकत राहिलं. म्हणजे हे गृहस्थ उत्तरं घरून तयार करून आणतात! पोरीला मात्र वाटतं, हुशारांना ती बसल्या जागी सुचतात, आणि आपल्याला सुचत नाहीत म्हणजे आपण ढ.

बाकी सगळं ठीक. तुझ्या बायकोला आशीर्वाद, तुला सांभाळते म्हणून जरा जास्तच.

तुझी अक्का

ता.क. रविवारी ये. ठकूसमोर बसून तू कधीही न पाहिलेलं गणित सोडव. अडखळ, खोड, डोकं खाजव, चूक. मुद्दाम चुकू नकोस, पोरगी ओळखते. खरोखर अवघड घे, चुका आपोआप होतील. आणि सातवीत गणितात नापास होऊन तू माळ्यावर लपला होतास, तेही सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझ्या सांगण्यात तुझं भोकाड पसरणंही येतं.

आणखी एक ता.क. सूनबाई लिहिता लिहिता मध्येच थांबली. विचारते, रविवारी तीही शेजारी बसली तर चालेल का. चालेल, असं मीच सांगून टाकलंय. तिला हसलास तर उपाशी परत जाशील.