सतराचं बुजगावणं

१४ ऑक्टोबर

सापडले! समोरचे अखेर सापडले!

साहेबांनी आज केबिनमधून अशी हाक मारली की मला वाटलं, नोकरी गेली. त्यांच्या पुढ्यात समोरच्या पेपरची नवीन दिनदर्शिका. नोव्हेंबरचं पान उघडं आणि सतराच्या चौकोनावर साहेबांचं बोट. "वाच." वाचलं. 'जुन्या पादचारी पुलाचा कठडा तुटून नऊ जणांचा बुडून मृत्यू.' शब्दन् शब्द माझा! "नवाचे दहासुद्धा केले नाहीत मूर्खांनी," म्हणत साहेबांनी टेबलावर थाप मारली.

अकरा वर्षं 'आजचा दिवस' हे सदर लिहितेय. कपाटात तीनशे सहासष्ट पाकिटं, प्रत्येकात कार्डं. एकाच पाकिटात कुणाचा राज्याभिषेक, कुठला तह, कुठला भूकंप, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून विनोदी नटाचा वाढदिवस नि रेडिओवर पहिल्यांदा वाजलेलं गाणं. तारीख एक, बाकी नातं काही नाही. माझं गेल्या वर्षीचं सदर यंदा समोर छापून येतं, एखादा शब्द इकडचा तिकडे करून. वर पुन्हा 'आमच्या संशोधन विभागाकडून'! त्यांचा संशोधन विभाग म्हणजे कात्री आणि खळ.

म्हणून गेल्या वर्षी सतराच्या पाकिटात एक बुजगावणं उभं केलं. कधीच न घडलेला अपघात. आपला पूल, आपलीच नदी. साल असं निवडलं की त्या नोव्हेंबरची आमची फाइल ओल येऊन केव्हाच लगदा झालीय. कोण पडताळणार? साहेब आणि मी, दोघांनाच ठाऊक. सदरात खाली कोपऱ्यात एक ओळ छापली, कोणी हूं की चूं केलं नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती, नाहीतर त्यांनी पकडलं असतं.

म्हटलं, उद्याच छापू की चोरी! साहेब म्हणाले, "दिनदर्शिकेत छपाईची चूक म्हणतील. सतराला पेपरात छापू दे त्यांना. अठराला आपण पहिल्या पानावर." तोपर्यंत तोंडाला कुलूप.

१६ ऑक्टोबर

आज पुलावरून येताना हसू आलं. कठड्याची कल्पना इथेच सुचली होती. गेल्या वर्षी चप्पल नीट करायला तिसऱ्या खांबाशी टेकले, तर दांडी हाताबरोबर हलली. म्हटलं, हा एक दिवस जाणार! आणि ऑफिसात जाऊन कार्ड लिहिलं. सगळं कल्पनेतून थोडंच येतं.

२१ ऑक्टोबर

समोरच्यांनी पहिल्या पानावर चौकट टाकलीय. 'विस्मृतीत गेलेली दुर्घटना — पस्तिसावं वर्ष. आपल्याकडे आठवणी असल्यास पाठवा.'

साहेब खूश. "खोल जाऊ दे गाळात."

आमच्या मुद्रितशोधक बाई — सगळे त्यांना पूर्णविराम म्हणतात, कारण त्या बोलल्या की विषय संपतो — त्या म्हणाल्या, "कसली दुर्घटना? त्या वर्षी मी रोज त्याच पुलावरून शिकवायला जायचे. असं काही झालेलं नाही." मी मान खाली घालून कार्डं लावत बसले.

२८ ऑक्टोबर

समोर आठवणी यायला लागल्या. आज सहा. एकाने त्या दिवशी दोर टाकला होता म्हणे. एका बाईंना पाण्यावर तरंगणारी लाल छत्री आठवते. लाल छत्री! मी तर हवासुद्धा लिहिली नव्हती.

हसावं की काय करावं कळेना. दुपारी पूर्णविराम चहाला जवळ येऊन बसल्या. "आठवलं गं. त्या आठवड्यात मला ताप होता. म्हणून मला माहीत नव्हतं." हा विषय मात्र संपला नाही. बराच वेळ तापाचंच सांगत होत्या.

१ नोव्हेंबर

बाबांनी समोरचा पेपर आणला! आयुष्यात पहिल्यांदा. वाण्याकडे पाहिला म्हणे, म्हणून घेतला.

बाबांचं सध्या असं आहे — कालचं जेवण आठवत नाही, पण थिएटरात प्रोजेक्टरवर घातलेली तीस वर्षं तोंडपाठ. रोज सकाळी माझं सदर मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक साल ऐकून सांगायचं, तेव्हा कोणता सिनेमा लागला होता, कितवा आठवडा. डॉक्टर म्हणाले, हे चालू राहू द्या, हाच त्यांचा खुंटा. माझ्या सदरात त्यांनी आजवर चार चुका काढल्यात. चारही खऱ्या.

आज चौकट वाचली आणि पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी रीळ आलंच नाही."

गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. एकाच सिनेमाची रिळं दोन थिएटरांत फिरायची. पलीकडे पहिलं रीळ संपलं की रीळवाला सायकलवरून ते पुलावरून इकडे आणायचा. रीळवाला बाबांचा जिवलग. एके दिवशी मध्यंतरानंतर रीळ आलं नाही. पब्लिकने खुर्च्या तोडल्या. तो रीळ पलीकडच्या बुकिंगच्या खिडकीत ठेवून न सांगता गाव सोडून गेला होता. का, कुणास ठाऊक. बाबांनी त्याचं नाव टाकलं. घरात विषय निघाला की "तो दगाबाज" एवढंच.

"तो पळाला नव्हता गं," बाबा म्हणाले. "बुडाला. आणि मी पस्तीस वर्षं त्याला शिव्या घातल्या."

रडले. माझे बाबा, आई गेली तेव्हाही न रडलेले! मी उठून गॅस बंद केला. गॅस चालू नव्हताच.

२ नोव्हेंबर

सांगायला हवं. आज सांगते.

३ नोव्हेंबर

नाही सांगितलं. ते शिट्टी वाजवत दाढी करत होते. कित्येक महिन्यांनी.

८ नोव्हेंबर

समोरच्यांनी जाहीर केलं — सतराला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता पुलावर श्रद्धांजली. सर्वांनी यावं, नदीत फुलं सोडावीत.

साहेबांकडे गेले. म्हटलं, "बास झालं, खुलासा छापू." साहेब चष्मा पुसत राहिले. "आपणच खोटं छापलं हे आपणच सांगायचं? अठराला सांगितलं तर सापळा. आज सांगितलं तर चूक. वाचकाला दोन्हीतला फरक वेळेवरूनच कळतो." म्हटलं, माझे बाबा जायचं म्हणतायत. "जाऊ दे की. फुलं सोडून येतील. म्हाताऱ्या माणसाचं मन हलकं होत असेल तर तुझ्या पोटात का दुखतं?"

खरं सांगायचं तर मलाही अठराचं पहिलं पान हवं होतं. अकरा वर्षं कोपऱ्यात लिहितेय. हे लिहिताना लाज वाटतेय, पण हवं होतं.

११ नोव्हेंबर

बाबांनी कपाटातून जुना कोट काढला. बटणं लावून घेतली माझ्याकडून.

समोर आता 'मृतांची' यादी यायला लागलीय. सात जण झाले. कुणाचा हरवलेला भाऊ, कुणाची न परतलेली मावशी. बाबांनी रीळवाल्याचं नाव कळवलं. तो आठवा. मी निर्माण केलेल्या नऊ रिकाम्या खुर्च्या, आणि लोक आपापलं माणूस आणून बसवतायत. एकच उरलीय. आज नीट जेवलेही नाही.

१४ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी, चहा झाल्यावर, समोर बसून. म्हटलं, बाबा, तो अपघात झालाच नाही, मी रचला होता, समोरच्यांना पकडायला. रीळवाला बुडाला नाही. सगळं सांगितलं.

बाबा अगदी मऊ आवाजात, "तुला हे कोणी सांगायला लावलं?"

"कोणी नाही. शपथ."

"मग त्या दिवसाची फाइल आण. दाखव मला की काही झालं नव्हतं."

फाइल! कुठून आणू? ती नाही म्हणूनच तर ते साल घेतलं.

"छापून आलंय," बाबा म्हणाले. "आधी तुझ्याच पेपरात आलं होतं म्हणतेस. तू खोटं छापशील? अकरा वर्षं मी तुझं सदर वाचतोय, बाळा." माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला बरं नाही असं त्यांना वाटलं बहुतेक.

१५ नोव्हेंबर

आज जाताना पुलावर थांबले. तिसरा खांब. दांडी धरून हलवली. गेल्या वर्षी नुसती दांडी हलली होती, आता खांबच बुडातून हलतो. खालचे बोल्ट गंजून पापडासारखे झालेत.

एक वर्ष! वर्षभर रोज दोनदा इथून गेले. एक अर्ज लिहायचा होता, चार ओळींचा. मी कार्ड लिहिलं. पडणार हे दिसलं, तर 'पडला' असं लिहून पाकिटात घालून मोकळी झाले. माझ्या हाताला सवयच ती, सगळं होऊन गेलेलंच लिहायची.

नगरपालिकेत फोन केला. "लेखी द्या. साहेब सोमवारी." म्हटलं, रविवारी तिथे गर्दी जमणार आहे! "पोलिसांना सांगा." पोलीस म्हणाले, कार्यक्रमाला परवानगी आहे, बंदोबस्त आहे. म्हटलं, कठडा तुटेल. तिकडचा माणूस हसला. "मॅडम, तो पस्तीस वर्षांपूर्वीच तुटला. नवीन बसवलाय तो."

१६ नोव्हेंबर

समोरच्या ऑफिसात स्वतः गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढले. त्यांच्या उपसंपादकाला सांगितलं — कठडा सैल आहे, लोकांना मधे उभं करा, कडेला जाऊ देऊ नका. त्याने मला ओळखलं. "तुमच्याकडे कार्यक्रम नाही म्हणून आमचा मोडायला आलात होय?" चहा विचारला वर.

मग खालच्या दुकानातून सुतळी घेतली आणि पुलावर तिसऱ्या खांबापासून चौथ्यापर्यंत बांधली. लाल चिंध्या लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, सजावट चाललीय. एका बाईंनी थांबून त्यात फूल खोचलं.

उद्या बाबांना सोडायचं नाही. हात धरून ठेवणार. फुलं सोडायची तर पुलाच्या तोंडाशी, पायऱ्यांवरून. ते कबूल झाले. "तू येईपर्यंत थांबतो," म्हणाले.

१७ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन, ऑफिस

समोर आठ कॉलम छापलंय. साहेबांनी उद्याचा मजकूर आत्ता मागितलाय. सहाशे शब्द. चारशे झाले. साडेचारला निघते, घर दहा मिनिटांवर आहे. बाबांना फोन केला. कोट घालून बसलेत म्हणाले. "थांबा हं." "थांबलोय."

पावणेपाच. साहेब म्हणाले, शेवट धारदार कर. एकच परिच्छेद राहिलाय.

१८ नोव्हेंबर

दार उघडं होतं. खुर्चीवर माझ्यासाठी चिठ्ठी, मोठ्या अक्षरात. 'रीळ वेळेवर पोचलं पाहिजे. पुढे जातो.'

पळत पुलावर गेले तेव्हा लोक उलट दिशेने पळत येत होते.

२० नोव्हेंबर

आठ सापडले. त्यांत बाबा नाहीत.

आमचा अंक अठराला निघाला नाही. माझे सहाशे शब्द साहेबांनी स्वतः फाडले. पूर्णविराम दोन दिवस माझ्याजवळ बसून आहेत. काही बोलत नाहीत.

एक पोलीस सांगत होता. सगळे फुलं टाकायला एकाच बाजूला झाले. सुतळी कोणीतरी आधीच सोडवली होती, फोटोत वाईट दिसते म्हणून.

२३ नोव्हेंबर

बाबा आज सकाळी सापडले. खाली, वळणावर. कोटाची बटणं सगळी लावलेली.

नववे.

दुपारी ऑफिसात गेले. सतराचं पाकीट काढलं, कार्ड फाडायला घेतलं. फाडता आलं नाही. साल खोडून यंदाचं घातलं. बाकी एकही शब्द बदलावा लागला नाही.